यजमानाचा पहिला घास

आमच्या पलटणीच्या मेसमध्ये डिनर नाइट असली की लांब टेबलाच्या एका टोकाला कर्नल साहेब बसतात आणि अगदी समोरच्या टोकाला पलटणीतला सगळ्यात नवा अधिकारी. त्या नव्या अधिकाऱ्याला तेवढ्या रात्रीपुरतं ‘मिस्टर व्हाइस’ म्हणतात. जेवणाच्या शेवटी राष्ट्रपतींच्या नावाने पेला उंचावायचा असतो. त्या वेळी कर्नल साहेब त्याला हाक मारतात आणि त्याने उभं राहून सगळ्या टेबलाला ते शब्द म्हणायचे असतात. काम तेवढंच. पण त्या एका वाक्यासाठी मी आठवडाभर अंघोळ करताना घसा साफ करत होतो.

मी पुसेगावचा. शाळा गावातच झाली, कॉलेज हिंगोलीला. आमच्या घरात माझ्या आधी कोणी पदवीपर्यंत पोहोचलं नव्हतं. तीन वर्षं मी हिंगोलीच्या वसतिगृहात स्टीलच्या ताटात जेवलो आणि ताट स्वतः घासून ठेवलं. अकादमीत काटे-चमचे हातात आले, ते जमलेही. सरावाने येणारी गोष्ट आहे ती, तिचं मला कधी दडपण आलं नाही. मी भारावलो ते टेबलावरच्या शिस्तीने.

त्या पहिल्या रात्री मेसचे हवालदार मला आधीच आत घेऊन गेले. वीस-बावीस वर्षं ते त्याच मेसमध्ये होते आणि नव्या अधिकाऱ्याला घरच्या लग्नातल्या नवरदेवासारखं सांभाळायचे. टेबलावर पलटणीची जुनी चांदी मांडली होती. घोडे, तोफा, एक पहाडी देऊळ. प्रत्येक वस्तूवर ती देणाऱ्याचं नाव कोरलेलं. बदली होऊन गेलेले, निवृत्त झालेले, लढाईत गेलेले, सगळे त्या टेबलावर हजर असतात असं हवालदार म्हणाले. माझ्या पानासमोर त्यांनी एक गुलाबाचं फूल ठेवलं. मला वाटलं, पहिली रात्र म्हणून स्वागत असेल. ते हसले. म्हणाले, “साहेब, आप शाकाहारी हैं ना? यह देखकर वेटर पूछेगा नहीं.” वेटरने ‘तुम्ही मांस खाता का’ असं चारचौघांत विचारायचं नाही आणि अधिकाऱ्याने ‘मी खात नाही’ असं सांगायचं नाही, म्हणून ते फूल. माझे वडील माळकरी आहेत. पंगतीत, प्रवासात, पाहुण्यांकडे ‘आमच्यात चालत नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आणि म्हणत आलो. ते वाक्य एका फुलाने माझ्याऐवजी म्हटलं.

भिंतीवर एक छोटा दिवा होता. तो लागला की सगळे वेटर एकाच पावलाने पुढे यायचे आणि सगळ्यांसमोर एकदम पान यायचं. पहिला आणि शेवटचा असा फरकच नाही. तरी कोणी चमचा उचलत नव्हतं. सूपाची वाफ वर जात होती आणि सगळे सरळ पाठीने, हात मांडीवर ठेवून, कर्नल साहेबांकडे पाहत होते. त्यांनी चमचा उचलला आणि सगळ्या टेबलाचे चमचे उचलले गेले. त्यांनी खाली ठेवला की पानं उचलायची. मधे कोणी उठायचं नाही. मी समोरच्या टोकाला होतो, त्यामुळे मला त्यांचं सगळं नीट दिसत होतं. ते मुद्दाम सावकाश खात होते. टेबलावर कोण मागे राहिलंय ते नजरेने पाहायचे आणि त्याचं होत आलं की मग आपला शेवटचा घास घ्यायचे.

शेवटी वाइनची काचेची सुरई हातोहात डावीकडे फिरत आली. माझ्या पेल्यात हवालदारांनी आधीच पाणी भरून ठेवलं होतं. साहेबांनी लाकडी हातोडी टेबलावर वाजवली आणि माझ्याकडे पाहून हाक मारली. मी उभा राहिलो. ते वाक्य माझ्या तोंडून नीट बाहेर पडलं, बँडवर राष्ट्रगीत वाजलं, आणि मी पाण्याचा पेला उंच धरला. पुसेगावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहायचो, तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ते कुमाऊँच्या डोंगरातले, बोलायला कमी. हिंदीत बोलायचे. इथे मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहितो. त्यांनी विचारलं, “काल काय शिकलास?”

मी म्हणालो, “सर, तुमच्या आधी खायचं नाही.”

“माझ्या आधी नाही. यजमानाच्या आधी. काल मी टेबलाचा यजमान होतो, एवढंच. उद्या तू झोपडीत जेवायला बसलास तरी ज्याच्या घरचं अन्न आहे, त्याने पहिला घास घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. मी आजवर लावलेला नाही.”

मेसमधल्या त्या रात्रीचं मी रविवारी फोनवर आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना मेसचं फार कौतुक. प्रत्येक रविवारी ते काही ना काही विचारायचे. गुलाबाचं ऐकून ते म्हणाले, “शानी मानसं हायेत बापा.” मग त्यांनी आपला विषय काढला. पोरगा अधिकारी झाला की गावाला जेवू घालीन, असं त्यांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं. हरभरा निघाला की गावजेवण करायचं, आणि माझ्या साहेबांनी त्या पंगतीत बसायचं, असं त्यांच्या मनात होतं.

“आबा, साहेब एवढ्या लांब कसे येतील?”

“तू विचार तर खरं. न्हाई म्हनले तर न्हाई.”

मी विचारलं, तेही चाचरत. साहेबांनी समोरचं कॅलेंडर पाहिलं. त्यांना सुटीत मुलीला भेटायला हैदराबादला गाडीने जायचं होतं. रस्ता अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड असाच होता. ते म्हणाले, “वडिलांना सांग, येतो.”

इथपर्यंत सगळं सोपं होतं. अवघड झालं ते आबांनी ही गोष्ट पारावर सांगितल्यामुळे.

आबांचे चुलतभाऊ आहेत, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. मनाने वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. सुटीवर घरी पोहोचलो त्या दिवशी ते ओसरीवर येऊन बसले आणि मला ऐकू जाईल असं आबांना म्हणाले, “कर्नल येतो व्हय पत्रावळीवर जेवायला? येईल, फोटो काढील, बिसलरीचं पानी पिऊन निघून जाईल. मोठी मानसं चाखत न्हाईत, दाखवतेत.”

आबा म्हणाले, “पोराचा साहेब हाय त्यो. शब्द देला हाय.”

“येन्याचा देला. जेवन्याचा देला का?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “जेवतील तात्या. सगळं खातात ते.”

“मग त्यांच्यापुढं गुलाब ठुवा. अन् आमच्याबी पुढं ठुवा एकेक, सारं गावच शाकाहारी हाय त्या दिशी.”

माय आतून म्हणाली, “भावजी, तुमच्यापुढं मिरची ठुवते, तोंडाला बरी.” तात्यांसह सगळे हसले. पण आबा हसले नाहीत. त्यांच्या मनात तो प्रश्न रुतून बसला. दुसऱ्या दिवशी मळ्यात, संध्याकाळी गोठ्यात, तिसऱ्या दिवशी आचाऱ्याशी बोलून येताना त्यांनी मला तेच विचारलं, “जेवतील न्हवं रे?” साहेब आले नसते तर आबांनी ते सहज सोसलं असतं. येऊन, पानावर बसून जेवले नाहीत, तर मात्र गावात मान वर करता आली नसती. आबांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. हे एक मागितलं होतं, तेही दुसऱ्याने आपल्या घरचं खावं एवढंच.

साहेबांनी निघण्याआधी फोन करून मला विचारलं होतं, तुमच्याकडे जेवणाचे नियम काय आहेत ते सांग, माझ्याकडून चूक नको. मी सांगितलं. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालून बसायचं, उजव्या हाताने खायचं, श्लोक होईपर्यंत थांबायचं, पानात टाकायचं नाही, पंगत उठल्याशिवाय उठायचं नाही. ते म्हणाले, “हे तर आपल्या मेससारखंच आहे.” मलाही तसंच वाटलं.

गावजेवणाच्या दिवशी सकाळी मी कनेरगाव नाक्यावर जाऊन एका ढाब्यासमोर उभा राहिलो, कारण तिथून आत वळताना नवा माणूस हमखास चुकतो. साहेब साध्या कपड्यांत होते, बरोबर त्यांचा ड्रायव्हर, राजस्थानचा एक तरुण जवान. ढाबेवाल्याने त्यांना चहाचा आग्रह केला, साहेब म्हणाले, “आज भूख सँभालकर रखी है.” ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच आबांना फोन करून सांगितलं. पलीकडून आबांनी ते आणखी कोणाला तरी मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं.

पंगत शाळेच्या पटांगणात होती. ज्या वर्गात मी पाढे म्हटले, त्याच्याच भिंतीच्या सावलीत ताडपत्र्या अंथरल्या होत्या. चार लांब ओळी. चुलाण्यावर वरण रटरटत होतं, वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत येत होता, गल्लीतल्या बायांनी पहाटेपासून लाटलेल्या पोळ्यांच्या चवडी धोतरात झाकून ठेवल्या होत्या. आबा पांढरी टोपी घालून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत फिरत होते. साहेबांना उपरणं, टोपी, नारळ देऊन पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बसवलं. त्यांच्या शेजारी ड्रायव्हर, मग गावची जुनी माणसं, त्यांच्यातच तात्या. साहेबांनी सगळ्यांसारखी मांडी घातली, उपरणं गुडघ्यावर नीट घेतलं.

मी वाढणाऱ्यांत होतो. माझ्या हातात वरणाची बादली होती आणि माझी ओळ संपली तेव्हा मी पंगतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला होतो. पानं पूर्ण वाढून झाली. श्लोक झाला, विठ्ठलाचा गजर झाला. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, “बसा मंडळी, सावकाश होऊ द्या.”

आता सगळ्यांनी जेवायला लागायचं असतं. पण पहिल्या ओळीतल्या जुन्या माणसांनी हात लावला नाही. एवढा मोठा पाहुणा पंगतीत आहे, त्याने सुरुवात करावी म्हणून ते थांबले. त्यांच्याकडे पाहून मागच्या ओळी थांबल्या. आणि साहेबांनी सुरुवात केली नाही.

आबा पुढे झाले. “घ्या साहेब, सावकाश.”

साहेब हसून म्हणाले, “जी, आप बैठिए.”

“व्हय, व्हय. तुमी घ्या.”

“जी, आप पहले बैठिए.”

आबांना वाटलं, साहेब मोठेपणा देतायत, उभं राहू नका म्हणतायत. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि ते रिवाजाप्रमाणे पुढच्या माणसाकडे वळले. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले. बाजूला ड्रायव्हरने पोळीचा तुकडा मोडला होता, तो साहेबांकडे पाहून त्याने हळूच परत पानात ठेवला. पार टोकाला पोरांनी बुंदी संपवली होती आणि ती आणखी मागत होती. बाकी सगळं पटांगण शांत. वरण निवत चाललं.

आमच्याकडे मानाचा पाहुणा भरल्या पानावर बसून जेवत नाही, त्याला एकच अर्थ असतो. तो रुसलाय. लग्नात नवरदेव रुसतो, व्याही रुसतो, आणि त्याच्या मनासारखं झाल्याशिवाय घास उचलत नाही. तात्या मागे वाकून एका पोराच्या कानात बोलले आणि पोरगं धावत गेलं. थोड्या वेळात दुसरा नारळ आणि एक भगवा फेटा आला. तात्यांनी स्वतः उठून तो साहेबांना बांधला. टोपीवरच बांधला. साहेबांनी मान खाली करून बांधून घेतला, नारळ घेतला, पहिल्या नारळाशेजारी ठेवला, तात्यांना नमस्कार केला आणि परत हात मांडीवर ठेवून बसले.

“रुसवा मोठा दिसून राहिला,” तात्या शेजाऱ्याला म्हणाले. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं.

आबांनी ऐकलं. मी त्यांचा चेहरा लांबून पाहिला. ते आचाऱ्याकडे गेले, त्याला काहीतरी विचारलं, स्वतः वरणाची पळी हुंगून पाहिली. परत आले. त्यांनी साहेबांच्या पानाकडे पाहिलं. मीठ होतं, लिंबू होतं, सगळं होतं. आबा तिथेच उभे राहिले. भर उन्हात त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं, परत घातली.

मी बादली घेऊन तसाच दुसऱ्या टोकाला उभा होतो. तिथून मला साहेब अगदी समोर दिसत होते. सरळ पाठ, मांडीवर हात, नजर एका माणसावर. मेसमध्ये मी मिस्टर व्हाइसच्या खुर्चीवरून पाहिलं होतं तसंच सगळं. फक्त त्या रात्री सगळे साहेबांकडे पाहत होते आणि इथे साहेब आबांकडे पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं. यजमानाने पहिला घास घ्यावा म्हणून ते थांबले होते. आणि आमच्यात ज्याच्या घरचं जेवण, तो शेवटच्या माणसाचं पान उठल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. बाकी सगळे नियम मी फोनवर सांगितले होते. हा सांगायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. श्वास घ्यायचा असतो, हे कोणी पाहुण्याला सांगतं का?

बादली खाली ठेवून मी आबांकडे गेलो आणि हळू आवाजात सांगितलं, “आबा, साहेब रुसले नाहीत. ते तुमच्यासाठी थांबले. त्यांच्यात यजमान पहिला घास घेतो, मग बाकीचे खातात.”

“मी?” आबा म्हणाले. “गावाच्या आधी?”

“तुम्ही थांबा, मी साहेबांना आपली रीत सांगतो. ते लगेच सुरू करतील.”

मी वळलो तर आबांनी माझं मनगट धरलं. “सांगू नको,” ते म्हणाले.

“काहून?”

“पाहुन्याला त्याचा नेम मोडायला लावतो व्हय? आपल्या दारी आलाय त्यो.”

“आणि तुमचा नेम?”

त्यांनी माझं मनगट सोडलं. माझे आजोबा गेले तेव्हा आबा जेमतेम मोठे झाले होते. तेव्हापासून घरात कोणतंही कार्य असो, बारसं असो, तेरावं असो, आबा सगळ्यांच्या मागून जेवले. कधी कधी भाजी संपलेली असायची, मग वरणाच्या पातेल्यात पोळी फिरवून खायचे. याचं त्यांनी कधी काही बोलून दाखवलं नाही. पण गावात कोणी म्हटलं की अमक्याच्या घरची पंगत अर्ध्यात राहिली, तर आबा म्हणायचे, “यजमान आधी जेवला आसंल.” ही त्यांची सगळ्यात मोठी टीका.

आबा साहेबांच्या समोर गेले. तिथे पान नव्हतं. मायने सगळं पाहिलं होतं. तिने कोणाला न विचारता एक पत्रावळ आणून मांडली, तिच्यावर एक पोळी आणि पळीभर वरण वाढलं. आबा गावाकडे पाहून म्हणाले, “मंडळी, पाहुन्याची रीत हाय. माफी आसावी.” मग खाली बसले, डोळे मिटले, पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि तोंडात घातला.

त्याच क्षणी साहेबांचा हात पानाकडे गेला. मग ड्रायव्हरचा, मग तात्यांचा, आणि चारही ओळींतून एकदम आवाज उठला. वाढपी बादल्या घेऊन पळाले.

तात्यांनी घास चावत आबांना विचारलं, “मग, आता आमीबी घरच्या कार्यात आधी जेवायचं का?”

“कर्नल बोलवा,” आबा म्हणाले, “मग जेवा.”

मला वाटलं, आबा एक घास घेऊन उठतील. ते उठले नाहीत. मीच त्यांना एका रविवारी सांगितलं होतं की साहेबांनी चमचा खाली ठेवला की सगळ्यांची पानं उचलतात. आता यजमान आपण, आपण उठलो तर पाहुणा अर्ध्यावरून उठेल, हे त्यांनी धरलं. ते ती एकच पोळी घेऊन बसले. नखाएवढा तुकडा मोडायचे, चावत राहायचे, आणि ओळीत कोणाचं पान कुठवर आलंय ते पाहायचे. साहेबांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. पहिल्या ओळीत एक म्हातारे होते, दात नसलेले, त्यांचा भात संपेना. साहेबांनी बोटांनी पानातली बुंदी एकेक उचलून खाल्ली, त्या म्हाताऱ्यांचं होईपर्यंत. समोर आबा पोळीच्या शेवटच्या तुकड्याशी तसेच थांबले होते. म्हातारे पाणी प्यायले, तेव्हा दोघांचा शेवटचा घास झाला. इतकी नीट उठलेली पंगत मी मेसबाहेर पाहिली नव्हती.

हात धुऊन साहेब शाळेच्या व्हरांड्यात बसले. फेटा अजून डोक्यावर होता. पटांगणात दुसरी पंगत बसत होती. आता सांगायला हरकत नाही असं वाटून मी त्यांना सगळं सांगितलं. रुसव्याचं ऐकून ते मोठ्याने हसले. पलटणीत त्यांना इतकं हसताना कोणी पाहिलेलं नाही. नंतर मी आबांच्या नेमाचं सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं.

“म्हणजे त्यांनी माझ्यासाठी आपला नियम मोडला?”

“हो सर.”

“आणि तू मला सांगायला येत होतास, तर त्यांनी तुला अडवलं?”

“हो सर.”

त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. पटांगणात आबा परत हात जोडून फिरायला लागले होते.

“मग त्यांचं जेवण झालंच नाही,” साहेब म्हणाले. “एक पोळी झाली.”

“शेवटची पंगत उठली की जेवतील सर. तुम्ही निघा, नांदेडच्या पुढे रस्ता खराब आहे.”

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. मला वाटलं, निघायला सांगतील. त्यांनी गाडी सावलीत लावायला सांगितली. माझ्याकडे वळून म्हणाले, “यजमानाचं जेवण झाल्याशिवाय पाहुणा टेबलावरून उठतो का?”

बायांची पंगत झाली. मग शेजारच्या वस्तीवरून आलेल्यांची. साहेब बसून होते. मधे शाळेचे वर्ग पाहून आले, माझा वर्ग कोणता ते विचारलं, आत एका बाकावर जाऊन बसले. उन्हं कलली तेव्हा शेवटची पंगत बसली. आचारी, त्याची माणसं, पोळ्या लाटणाऱ्या बाया, वाढून दमलेली पोरं, माय आणि आबा. मी बादलीकडे हात केला तर साहेबांनी ती आधीच उचलली होती. आमच्या फौजेत बडा खाना असतो, त्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात आणि त्या दिवशी अधिकारी जवानांना वाढतात. साहेबांच्या हाताला त्याची सवय होती. पळी पानाला न लावता वरून सोडायची, सांडायचं नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

आबांच्या पानाशी ते आले तसे आबा उठायला लागले.

माय शेजारून म्हणाली, “बसा. भरल्या पानावरून उठता व्हय?”

“आगं, साहेब वाढून राहिले.”

“मग वाढू द्या की. तुमी लोकायला वाढलं तवा कोनी उठलं होतं का?”

आबा बसले. साहेबांनी वरण वाढलं, भाजी वाढली, भात वाढला. मग पुन्हा भाजी घेऊन आले. दिवसभरात त्यांनी आबांच्या तोंडून ऐकून तेवढे शब्द उचलले होते. वाकून म्हणाले, “घ्या, सावकाश.”

पंगतीत नको असलं की पानावर हात आडवा धरायचा असतो. आबांनी आयुष्यभर लोकांचे असे आडवे हात बाजूला सारून वाढलं होतं. पण स्वतःवर कधी ती वेळ आली नव्हती, आणि त्यांना हात आडवा धरायचं सुचलं नाही. ते नुसते साहेबांकडे पाहत राहिले. पान भरत गेलं.

“आता संपवा,” माय म्हणाली. “पानात टाकायचं न्हाई, तुमीच सांगता.”

आबांनी संपवलं. वेळ लागला. तोवर मायचं झालं, बायांचं झालं, पोरांचं झालं, आणि कोणी उठलं नाही. साहेब रिकामी बादली घेऊन त्यांच्यासमोर ताडपत्रीवर बसले होते. पटांगणाच्या कडेला तात्याही येऊन उभे राहिले होते.

शेवटचा भात खाऊन आबा पाणी प्यायले आणि सवयीने त्यांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली, कोणाचं राहिलं का ते पाहायला. कोणाचंच राहिलं नव्हतं. सगळे त्यांच्याचकडे पाहत होते.

“उठें?” साहेबांनी विचारलं.

आबा आधी उठले, मग पंगत उठली.